वाचकांच्या शंका : मुंबईची शनिवार-रविवारची फेरी आणि एक मोठं जेवण

गेल्या काही महिन्यांतली बरीच पत्रं एकाच बेताबद्दल आहेत. शनिवार-रविवार गाठून मुंबईला जायचं, थोडं फिरायचं आणि एकदा तरी ज्याला फाइन डाइनिंग म्हणतात ते जेवण घ्यायचं. खर्च मोठा, म्हणून शंकाही बारीकसारीक आहेत. त्या तशाच असायला हव्यात. असं जेवण पुढे आनंदाने आठवणार की चरफडत, हे बहुतेक वेळा टेबलाशी बसण्याआधी, बुकिंगच्या फोनवरच ठरून गेलेलं असतं.

प्रश्न : लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला आम्ही दोघं पुण्याहून मुंबईला जाणार आहोत. टेस्टिंग मेन्यू दुपारी घ्यावा की रात्री? दुपारी घेतला तर त्याच दिवशी परत येता येईल का? (पुणे)

उत्तर : दुपारचं मिळत असेल तर बेधडक दुपारचं घ्या. जीभ ताजी असते, जेवण पचायला वेळ मिळतो आणि हॉटेलच्या खोलीचा खर्च वाचतो. अडचण एवढीच की टेस्टिंग मेन्यू (शेफनेच ठरवलेल्या छोट्या छोट्या पदार्थांचं, म्हणजे कोर्सचं, ओळीने येणारं जेवण) देणारी बरीच ठिकाणं फक्त रात्री उघडतात. दुपारची बैठक असलीच तर ती शनिवार-रविवारपुरती. म्हणून आधी टेबल पक्कं करा, गाडीचं तिकीट नंतर काढा.

दुपारचं टेबल मिळालं तर डेक्कन क्वीन सोयीची. सकाळी 7.15 ला पुण्याहून सुटते आणि 10.25 ला सीएसएमटीला पोचते. जेवण महालक्ष्मी-लोअर परळ भागात असेल तर शेवटपर्यंत न जाता दादरला उतरा आणि पश्चिम रेल्वेची चर्चगेटकडे जाणारी धिमी लोकल धरा : प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी. घाईत जलद लोकलमध्ये चढलात तर ती या तिन्ही ठिकाणी न थांबता तुम्हाला मुंबई सेंट्रलला नेऊन सोडेल. परतीची डेक्कन क्वीन सीएसएमटीहून संध्याकाळी 5.10 ला आहे. साडेबाराला बसलात तर दहा कोर्सचं जेवण साडेतीनच्या सुमारास संपतं. महालक्ष्मीहून सीएसएमटीला आता भुयारी मेट्रो थेट जाते, त्यामुळे शनिवारच्या टॅक्सीच्या कोंडीत जीव टांगणीला लावायचं कारण नाही. मात्र '5.10 ची गाडी आहे' हे बुकिंग करतानाच सांगा. जेवण अर्ध्यावर आल्यावर सांगितलं तर शेवटचे तीन कोर्स एकामागोमाग टेबलावर येतात, आणि त्यात गोडाचा सगळा डाव फुकट जातो.

रात्री जाणार असाल तर साधारण सात आणि साडेनऊ अशा दोन बैठका असतात. सातच्या बैठकीला पुढच्या पाहुण्यांसाठी टेबल सोडावं लागतं, त्यामुळे शेवटी थोडी लगबग जाणवते. साडेनऊची निवांत, पण उठेपर्यंत बारा वाजून जातात. तोवर मेट्रो बंद झालेली असते आणि शेवटच्या लोकल साडेबारा-एकच्या सुमारास सुटतात. तेव्हा मुक्काम जेवणाच्या जागेपासून टॅक्सीने वीस मिनिटांच्या आत ठेवा. रविवारी सकाळी उशिरा किंवा दुपारी परतणार असाल तर आदल्या दिवशी मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघायला विसरू नका.

आणि हो, दादरला उतरल्या उतरल्या वडापाव खाऊ नका. परतीच्या वाटेवर तो तिथेच असेल.

प्रश्न : एका ठिकाणी बुकिंगलाच पूर्ण पैसे मागितले. अजून पाणीही प्यायलो नाही आणि पैसे कसले? हे रीतसर आहे का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : रीतसर आहे, आणि त्यामागे साधा हिशेब आहे. वांद्र्याच्या पापाजसारख्या ठिकाणी एका वेळी जेमतेम बारा माणसं बसतात. दोघं आले नाहीत तर त्या बैठकीचं सहाव्या हिश्श्याचं उत्पन्न बुडतं. शिवाय मासळी, मांस, हंगामी भाज्या माणसं मोजून आणलेल्या असतात आणि त्या रात्री दुसऱ्या कुणाला विकता येत नाहीत.

पैसे भरण्याआधी चार गोष्टी लेखी घ्या. व्हॉट्सॲप किंवा ईमेल चालेल. किती तास आधी रद्द केलं तर पूर्ण पैसे परत मिळतात (24, 48, 72 तास असे वेगवेगळे नियम आढळतात). तारीख बदलून मिळते का. दोघांऐवजी दुसरे दोघं गेले तर चालतं का. आणि भरलेल्या रकमेत कर व सर्व्हिस चार्ज धरला आहे का. हा चौथा प्रश्न लोक हमखास विसरतात आणि मग बिलाच्या वेळी तोंड वाकडं करतात.

उशिराचंही बघून ठेवा. पंधरा मिनिटांची सवलत बहुतेक ठिकाणी असते. त्यानंतर टेबल जातं, किंवा सगळ्यांना एकाच वेळी वाढण्याची पद्धत असेल तर सुरुवातीचे कोर्स हुकतात.

प्रश्न : मुंबईत मिशेलिन स्टार मिळालेलं सगळ्यात चांगलं हॉटेल कोणतं? (सांगली)

उत्तर : एकही नाही. मिशेलिन गाइड, म्हणजे हे स्टार देणारी रेस्टॉरंटांची मार्गदर्शिका, भारतातल्या कोणत्याही शहरासाठी निघत नाही, त्यामुळे इथल्या कुठल्याच ठिकाणाला तो स्टार असू शकत नाही. जाहिरातीत 'मिशेलिन स्टार शेफ' दिसलं तर त्याचा अर्थ एवढाच की त्या शेफच्या परदेशातल्या एखाद्या ठिकाणाला कधीतरी स्टार मिळाला होता. स्टार ठिकाणाला मिळतो आणि दरवर्षी नव्याने ठरतो. शेफ तो खिशात घालून मुंबईला आणू शकत नाही.

मुंबईत वाढलेल्या गरिमा अरोरा यांना स्टार मिळाला तो बँकॉकच्या 'गा'साठी, 2018 मध्ये. जुहू-सांताक्रूझकडच्या 'अवतारा' या शाकाहारी ठिकाणाच्या दुबईतल्या मूळ शाखेला 2023 मध्ये स्टार मिळाला. मुंबईच्या शाखेला तो लागू होत नाही. महालक्ष्मीच्या लक्ष्मी वूलन मिल्समध्ये 2016 पासून असलेलं 'मास्क' ज्या आशियातल्या पन्नास ठिकाणांच्या यादीत येतं, ती यादी निराळी. ती मतदानाने ठरते, मिशेलिनचा तिच्याशी संबंध नाही. 'मास्क', फोर्टमधलं 'एका', 'पापाज', 'अवतारा' ही सगळी टेस्टिंग मेन्यूसाठी नावाजलेली ठिकाणं आहेत, पण प्रत्येकाचा बाज वेगळा. निवड स्टारवरून न करता सध्याचा मेन्यू मागवून करा. तो वाचून तोंडाला पाणी सुटलं नाही तर पुढचं ठिकाण बघा.

प्रश्न : मी शाकाहारी, अंडं चालतं. सासूबाई बरोबर येणार, त्यांचं चातुर्मासात कांदा-लसूण बंद. यजमान सगळं खातात, पण कोळंबीने अंगावर पित्त उठतं. एका टेबलावर जमेल का? (नाशिक)

उत्तर : जमेल, पण दोन-तीन दिवस आधी सांगितलंत तर. त्या दिवशी टेबलाशी बसून सांगितलं तर नाही, आणि यात आडमुठेपणा कुणाचाच नसतो. सॉस, रस्से, स्टॉक आदल्या दिवशीच तयार होतात आणि जवळजवळ प्रत्येकाच्या तळाशी कांदा-लसूण असतो. वाढताना तो बाजूला काढता येत नाही. ऐनवेळी सांगितलं की स्वयंपाकघर सॉस वगळूनच ताट पाठवतं, आणि पूर्ण पैसे मोजून उकडलेली भाजी समोर येते.

'प्युअर व्हेज' एवढंच लिहून भागत नाही, कारण तिथली शाकाहाराची रेघ आपल्या घरच्या रेघेशी जुळेलच असं नाही. नेमकं लिहा. पाना कोटा, मूस, जेली आणि पुष्कळ गोड पदार्थ जिलेटिनने घट्ट केलेले असतात, आणि जिलेटिन प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून बनतं. त्याऐवजी समुद्री शेवाळापासूनचं अगर-अगर वापरता येतं. मात्र जिलेटिन तोंडाच्या उष्णतेने विरघळतं, अगर विरघळायला जवळपास 85 अंश लागतात. त्यामुळे गोडाचा पोत बदलतो आणि पदार्थ निराळ्या प्रमाणात नव्याने करावा लागतो. इटलीचं अस्सल पार्मिजानो रेजानो चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने (दूध फाडणाऱ्या पाचक रसाने) विरजतात. जपानी धाटणीच्या सूपमध्ये दाशी नावाचा स्टॉक असतो, तो बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाचा. थाई करीच्या वाटणात सुकट-कोलिमासारख्या बारीक कोळंबीची पेस्ट घातलेली असते. यातलं काय चालतं आणि काय नाही ते तुम्ही ठरवायचं; त्यांनी अंदाज बांधू नये.

संदेश असा पाठवा : 'तीन व्यक्ती. पहिली : शाकाहारी, अंडं आणि दूध चालेल, जिलेटिन, माशाचा अर्क, प्राणिज रेनेट चालणार नाही. दुसरी : शाकाहारी, अंडं नाही, कांदा, लसूण, पात, लीक नाही, बटाटा, गाजर, आलं चालेल. तिसरी : सगळं चालेल, कोळंबी, खेकडा, शेवंड यांची ॲलर्जी, त्यांचा स्टॉक आणि तळणीचं तेलही नको.' सासूबाईंसाठी नुसतं 'जैन' लिहू नका. मग कंदमुळंही जातात आणि त्यांच्या ताटातले निम्मे पदार्थ विनाकारण गळतात. आणि यजमानांच्या बाबतीत 'आवडत नाही' आणि 'ॲलर्जी आहे' यांची सरमिसळ नको. ॲलर्जी म्हटलं की स्वयंपाकघरात पाट, सुऱ्या, तेल सगळं वेगळं ठेवतात. हे सगळं कळवल्यावर 'ओके' एवढंच उत्तर आलं तर समाधान मानू नका. तिघांचे बदललेले मेन्यू मागवा.

तारीख ठरवताना कालनिर्णय बघा. संकष्टीला चंद्रोदय बहुधा साडेआठ ते दहाच्या दरम्यान असतो, म्हणजे सातची बैठक बाद. साडेनऊची जमू शकते. एकादशीला जाऊच नका.

प्रश्न : फोटोत हातभर ताटली आणि मधोमध लिंबाएवढा घास दिसतो. दहा कोर्स खाऊनही उपाशी उठलो तर? (कोल्हापूर)

उत्तर : पांढऱ्या-तांबड्या रश्श्याच्या गावातून हा प्रश्न येणारच होता. उपाशी उठणार नाही, पण तट्ट फुगूनही उठणार नाही. सुरुवातीचे दोन-तीन घास 15-20 ग्रॅमचे, मधले कोर्स 50-60 ग्रॅमचे, मुख्य ताट दीडशेच्या आसपास, मग पाव-लोणी, दोन गोड आणि कॉफीबरोबरचे बारके गोड घास. सगळं मिळून अर्धा किलोच्या पुढे जातं. त्यात लोणी, साय, तेल भरपूर असतं. शिवाय ते अडीच-तीन तासांत पोटात जातं, त्यामुळे पोट भरल्याची जाणीव मध्येच होते.

लोक फसतात ते पावाला. तिसऱ्या-चौथ्या कोर्सला गरम पाव येतो, वर खरपूस कवच, बरोबर मसाल्याचं किंवा आंबवलेलं लोणी. भूक असते, पाव सुरेख असतो, दुसरा मागितला तर देतात. मग मुख्य ताट येईपर्यंत भूक मेलेली. अर्धा खा, अर्धा पुढच्या कोर्सचा सॉस पुसायला ठेवा. तो तसा पुसून खाणं अजिबात असभ्य नाही. स्वयंपाकघराला ती दादच वाटते.

वाढण्याची गतीही समजून घ्या. तुमच्या भागाचा वेटर तुमच्या काट्या-चमच्याकडे नजर ठेवून असतो. टेबलावरच्या सगळ्यांचं संपत आलं की तो आत खूण करतो, तेव्हा पुढचा कोर्स शिजायला किंवा मांडायला घेतात; दहा-पंधरा मिनिटांत तो बाहेर येतो. नेमकं त्याच वेळी एक जण फोनवर बोलायला उठला, तर तयार ताटल्या आत अडकतात. तळलेलं मऊ पडतं, माशावर साय धरते, काही ठिकाणी ते फेकून पुन्हा करतात आणि पुढचं सगळं लांबतं. उठायचं असेल तर समोरचा कोर्स संपल्यावर लगेच उठा आणि सांगून जा.

फोटो काढा, फ्लॅश नको. थंड कोर्सचा एकच फोटो. कोकमाचं गोठवलेलं पाणी गरम खोलीत मिनिट-दोन मिनिटांत सुटतं, त्याखालचा कुरकुरीत थर ओला होतो आणि मग 'काय विशेष होतं त्यात' असा शेरा मिळतो.

प्रश्न : काटे-चमच्यांची रांग बघूनच धडकी भरते. हाताने खाल्लं तर चालेल का? (लातूर)

उत्तर : चालेल. मुंबईतल्या या ठिकाणांत कित्येक कोर्स मुळात हाताने खायचेच असतात, आणि तसं वाढताना सांगतात. इतर वेळी बाहेरून आत या : सगळ्यात बाहेरचा काटा-सुरी पहिल्या कोर्सचा. बऱ्याच ठिकाणी तर प्रत्येक कोर्सला नवे मांडतात, त्यामुळे चुकायची सोयच नाही. डावीकडची पावाची ताटली तुमची, उजवीकडचा पाण्याचा ग्लास तुमचा; हे चुकलं की गोल टेबलावर सगळ्यांचंच एकेक घर सरकतं. खाऊन झालं की काटा-सुरी शेजारी शेजारी, ताटलीत एका बाजूला. मध्येच थांबला असाल तर दोन्ही तिरके, वेगवेगळे. एवढं पुरे आहे.

प्रश्न : वाइन पेअरिंग घ्यावं का? परवाना लागतो असं ऐकलं, खरं का? आणि जेवून रात्रीच गाडी चालवत पुण्याला परतायचा विचार आहे. (पिंपरी-चिंचवड)

उत्तर : शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करू : तो विचार सोडा. पेअरिंगमध्ये, म्हणजे कोर्सना जुळणारी वाइन ग्लासाग्लासाने देतात त्यात, प्रत्येक ग्लासात साधारण 75 मिली वाइन असते. पाच ग्लास धरले तर 375 मिली, म्हणजे बरोबर अर्धी बाटली. कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल एवढीच आहे, आणि अर्ध्या बाटलीने ती सहज ओलांडली जाते. जेवण तीन तास चाललं म्हणून ती उतरलेली नसते. पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. घाटात काय होऊ शकतं ते वेगळंच.

परवाना : महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि त्यानुसार पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो. एका दिवसाचा परवाना बसल्या जागीच फाडून मिळतो. बिअर-वाइनसाठी वय किमान 21, कडक दारूसाठी 25. बरोबर पंचविशीच्या आतली मुलं असतील तर त्यांचं ओळखपत्र असू द्या. 2 ऑक्टोबर, अनंत चतुर्दशी, मतदान संपण्यापूर्वीचे 48 तास अशा दिवशी मद्य मिळत नाही. पेअरिंगसाठीच जाणार असाल तर निवडणुकीच्या हंगामात तारीख दोनदा तपासा.

आता घ्यावं का? दोघांत एक पेअरिंग वाटून देतात का ते विचारा. पहिल्या खेपेला तेवढं पुष्कळ होतं. काही ठिकाणी बिनदारूचं पेअरिंगही असतं. आंबवलेला चहा, फळांचे रस, मसाल्यांचे अर्क असं काहीबाही. कधी कधी ते वाइनपेक्षा जास्त विचार करून केलेलं असतं. सुटे ग्लास घेणार असाल तर तिखट पदार्थांबरोबर भारी रेड वाइन टाळा. तिच्यातलं टॅनिन तोंड कोरडं करतं आणि अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं. त्यापेक्षा नाशिककडची थंड शेनँ ब्लाँ किंवा स्पार्कलिंग वाइन ठेच्या-मसाल्यापुढे जास्त टिकते. अकलूजच्या वाइन्सही मुंबईच्या याद्यांवर दिसतात. आपल्याकडची वाइन मागवण्यात कमीपणा मानायचं कारण नाही.

बाटली मागवलीत तर आधी घोटभर ओतून थांबतात. तो घोट 'आवडली का' हे विचारण्यासाठी नसतो, बाटली बिघडलेली नाही ना हे तपासण्यासाठी असतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बुचामुळे वाइन खराब झाली आहे. सांगा, बदलून देतात. वास ठीक असेल तर मान हलवायची, बास.

प्रश्न : मेन्यूवर एक आकडा, बिलावर दुसराच. सर्व्हिस चार्ज द्यावाच लागतो का? हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये कर जास्त का? (ठाणे)

उत्तर : समजा दोघांचा मेन्यू 5,500 प्रमाणे 11,000, बिनदारूची पेयं 2,000, बाटलीचं पाणी 700. झाले 13,700. रस्त्यावरच्या स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये त्यावर 5 टक्के जीएसटी (अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा), म्हणजे 685 रुपये. तेच रेस्टॉरंट मोठ्या हॉटेलात असेल, जिथे खोलीचं दिवसाचं भाडं साडेसात हजारांच्या वर जातं, तर दर 18 टक्के, म्हणजे 2,466. एकाच जेवणावर 1,781 रुपयांचा फरक नुसत्या पत्त्यामुळे पडतो. मद्यावर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट आहे. तो वेगळ्या ओळीत हवा. सगळ्याची एकच बेरीज करून तिच्यावर जीएसटी लावलेला दिसला तर बिल परत पाठवा.

सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 ला ती ग्राह्य ठरवली. तो आपोआप बिलात लावायचा नाही, दुसऱ्या नावाने घ्यायचा नाही, दिला नाही म्हणून प्रवेश नाकारायचा नाही आणि जेवणाच्या बिलात मिळवून त्यावर जीएसटीही लावायचा नाही. आपल्या उदाहरणात 10 टक्के म्हणजे 1,370 रुपये, आणि त्यावर कर लावला तर तो आणखी वेगळा. 'सर्व्हिस चार्ज काढून बिल पुन्हा छापा' असं मॅनेजरला शांतपणे सांगायचं. ऐकलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पैसे बुकिंगलाच भरून घेतले असतील तर ही गोष्ट तेव्हाच काढा. सेवा खरोखर मनापासून केली असेल तर टीप मात्र हात आखडता न घेता द्या. रोख दिलीत तर ती कुणाच्या हातात पडली हे दिसतं.

पाण्याचं म्हणाल तर, 'स्टिल की स्पार्कलिंग?' या प्रश्नाला 'साधं फिल्टरचं' हे तिसरं उत्तरही असतं. ते द्यायला लाजू नका.

प्रश्न : वडिलांचं वय 74, मधुमेह आहे, जेवणाआधी इन्सुलिन घेतात. त्यांना नेणं योग्य होईल का? (सोलापूर)

उत्तर : नेता येईल, पण या जेवणाची रचनाच मधुमेह्याला अवघड आहे. जेवणाआधी घ्यायचं जलद इन्सुलिन नेहमीच्या वेळी घेतलं आणि पहिल्या पाऊण तासात चार बारीक घासच पोटात गेले, तर साखर एकदम खाली येऊ शकते. पुढे शेवटच्या अर्ध्या तासात दोन-तीन गोड येतात, तेव्हा ती वर जाते. डोस कधी आणि किती, हे त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा, आणि विचारताना जेवणाची रचना सांगा : तीन तास, सुरुवातीला अगदी थोडं, पिष्ट आणि गोड शेवटी. साखर मोजायचं यंत्र आणि ग्लुकोजच्या गोळ्या बरोबर असू द्या. रेस्टॉरंटला सांगितलंत तर पाव पहिल्या कोर्सबरोबरच देतात. बिनदारूच्या पेअरिंगमध्ये साखर बरीच असते, ते त्यांच्यासाठी नको.

दुसरं म्हणजे बसायची जागा. शेफसमोरच्या कट्ट्याशी उंच स्टुलं असतात, पाठ टेकत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथे तीन तास म्हणजे शिक्षाच. खुर्चीचं टेबल मागा, आणि जुन्या गिरणीच्या आवारातलं ठिकाण असेल तर गाडी दारापर्यंत येते का, जिने किती आहेत तेही विचारा. खरं सांगायचं तर सत्तरीपुढच्यांसाठी दहा कोर्सपेक्षा नेहमीच्या मेन्यूवरून निवडून खाणं जास्त सुखाचं. लोअर परळच्या कमला मिल्समधलं 'द बॉम्बे कँटीन' किंवा ताजमहाल पॅलेसमधलं 'सी लाउंज' अशा ठिकाणी दीड तासात उठता येतं.

प्रश्न : टेस्टिंग मेन्यू खिशाला झेपणारा नाही, पण मुंबईला जाऊन खेकडा खायचाच आहे. मेन्यूत किमतीच्या जागी 'एपीएस' लिहिलेलं असतं, ते काय? (सातारा)

उत्तर : 'ॲज पर साइज'. किंमत आकारावर ठरते, म्हणजे तुम्ही विचारल्याशिवाय कळत नाही. फोर्टातलं 'तृष्णा' ज्या बटर-पेपर-गार्लिक खेकड्यासाठी प्रसिद्ध आहे, त्यासाठी मोठा, जड नांग्यांचा चिखलातला खेकडा लागतो. ऑर्डर देण्याआधी तीन गोष्टी विचारा : आज वजन किती, या नगाची किंमत किती, जिवंत आहे का. बऱ्याच ठिकाणी खेकडा टेबलाशी आणून दाखवतात. तेव्हा तो हातात न घेता नांगीच्या बुडाकडे बघा : भरलेला खेकडा वजनाला जड आणि खालून मळकट पिवळसर असतो, नुकताच कात टाकलेला पांढराफेक, हलका आणि आत पाणचट. किलोभर खेकड्यातून मांस जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा निघतं, त्यामुळे दोघांना एक मोठा नग आणि बरोबर दुसरं काहीतरी हवंच. नांग्या आतच फोडून आणायला सांगा. शर्ट पांढरा नको.

प्रश्न : कपडे काय घालावेत? (अकोला)

उत्तर : साडी, सलवार-कमीज, कुर्ता, कॉलरचा शर्ट, सगळं चालतं. पुरुषांच्या अर्ध्या चड्ड्या आणि रबरी चपला मोठ्या हॉटेलांत अडवतात. पावसाळ्यात जाणार असाल तर कोरडे बूट पिशवीत ठेवा. एसी कडक असतो, शाल घ्या. अत्तर मात्र घरी ठेवा. अर्धं जेवण वासावर चालतं, आणि तुमच्या अत्तराचा त्रास शेजारच्या टेबलालाही होतो.

प्रश्न : वाढदिवसाचा केक आपण नेला तर चालेल का? आणि उरलेलं बांधून देतात का? (नागपूर)

उत्तर : केक आधी विचारून न्या. काही ठिकाणी तो कापून वाढण्याचे पैसे लावतात, काही ठिकाणी बाहेरचं आणूच देत नाहीत. दहाव्या कोर्सनंतर केक कुणाच्याही पोटात जात नाही, हेही लक्षात घ्या. बुकिंगच्या वेळी वाढदिवस सांगून ठेवलात तर बहुतेक ठिकाणी शेवटच्या गोडावर मेणबत्ती लावून आणतात, तेवढं पुरतं. टेस्टिंग मेन्यूतलं उरलेलं सहसा बांधून देत नाहीत. कच्चा मासा, अर्धवट गोठवलेले पदार्थ प्रवासात टिकत नाहीत. पाव आणि कॉफीबरोबरचे बारके गोड घास मागितले तर डबीत घालून देतात. चॉकलेटचे असतील तर दुपारच्या गाडीत खिडकीशी ठेवू नका.